दीड हजार की एकवीसशे?

परभणीचे खासदार संजय जाधव आणि आमदार राहुल पाटील दोघेही ठाकरेंच्या शिवसेनेचे. त्यांच्या पक्षाचा आक्षेप सरळ आहे: २०२४च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने लाडकी बहीण योजनेतल्या महिलांना महिन्याला १,५०० ऐवजी २,१०० रुपये आणि शेतकऱ्यांना कर्जमाफी कबूल केली, मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात दोन्हींचा पत्ता नव्हता. आक्षेप रास्तच आहे.

पण मला जास्त खटकतो तो याच योजनेतला एक नियम. सातबाऱ्यावर स्वतःचं नाव असलेल्या बाईला पीएम-किसान आणि नमो शेतकरी या योजनांचे मिळून वर्षाला १२,००० मिळतात, म्हणजे महिन्याला हजार. तेवढे वजा होऊन लाडक्या बहिणीचे तिच्या हाती पडतात फक्त ५००. जमीन नवऱ्याच्या नावावर असेल, तर त्याला शेतकऱ्याचे हजार मिळूनही तिचे दीड हजार शाबूत राहतात.