हळद आणि आतड्याची सूज: गोळ्या बंद करू नका



'हळदीने कोलायटिस बरा होतो, गोळ्या सोडा' असे मेसेज फिरत असतात. त्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते जास्त घातक.

अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराची जुनाट सूज. जुलाब, पोटात कळा, संडासवाटे रक्त. काही महिने दबते, परत उसळते. हळदीतला पिवळा घटक कुरक्युमिन ही सूज कमी करू शकतो. जपानमधल्या चाचणीत (२००६) सहा महिने रोज २ ग्रॅम कुरक्युमिन दिलं. ते घेणाऱ्या ४३ पैकी २ जणांचा आजार उसळला, न घेणाऱ्या ३९ पैकी ८ जणांचा. पण दोन्ही गटांच्या नेहमीच्या गोळ्या चालूच होत्या! मेसेजमध्ये नेमकं हेच गाळलेलं असतं.

आता हिशोब बघा. हळद पावडरीत कुरक्युमिन साधारण ३ टक्के धरा. चमचाभर, म्हणजे ३ ग्रॅम पावडरीत झालं ९० मिलिग्रॅम. २ ग्रॅम हवं तर रोज ६५ ग्रॅमच्या वर पावडर खावी लागेल. कोण खाणार? दिल्लीच्या एम्समध्ये रोज ४५० मिलिग्रॅम कुरक्युमिन देऊन पाहिलं, त्याचा फायदा दिसला नाही.

मग अर्काच्या कॅप्सूल? मनाने नको, डॉक्टरांना विचारूनच. मिरीचा अर्क मिसळलेल्या कॅप्सूलने काहींच्या लिव्हरला इजा झाली आहे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही आधी सांगा.

संडासवाटे रक्त दिसलं तर मूळव्याध किंवा आव समजून कुड्याच्या सालीचा काढा घेत बसू नका, तपासणी करून घ्या. भाजीतली हळद मात्र खुशाल चालू ठेवा.

– कृषी सल्ला विभाग, एकलहरे