जुनाट खोकला आणि कर्णनासाकंठतज्ज्ञ

काकल्य स्पर्शध्वनीप्रमाणेच खोकल्यातही स्वरतंतू प्रथम घट्ट मिटतात, त्यांखाली हवेचा दाब वाढतो आणि मग ती स्फोटाने बाहेर पडते. प्रौढांत खोकला ८ आठवड्यांहून अधिक टिकल्यास त्यास जुनाट म्हणतात. क्षय, दमा इत्यादींचा शोध प्रथम घ्यावयाचा, हे उघडच आहे. परंतु फुप्फुसे निर्दोष आढळली, तर कारण वरच्या श्वसनमार्गातही शोधावे लागते. कर्णनासाकंठतज्ज्ञ नाकातून घशात उतरणारा स्राव व स्वरयंत्राचा दाह तपासतो. तो कानही पाहतो. कारण प्राणेशा तंत्रिकेची एक शाखा बाह्य कर्णमार्गास जाते, आणि तेथील मळानेही क्वचित खोकला उठतो. खोकल्याबरोबर आवाज सतत घोगरा राहिल्यास मात्र तपासणीस विलंब करू नये. स्वरयंत्राच्या कर्करोगाचे ते पहिले लक्षण असू शकते.