एकविसावं वचन गेलं कुठे?

मोबाइलमधलं बायबल अ‍ॅप उघडा. इंग्रजीतली एनआयव्ही आवृत्ती निवडा आणि मत्तयच्या शुभवर्तमानाचा १७ वा अध्याय काढा. वचन १९, वचन २०, आणि मग थेट २२. मधलं २१ गायब! खाली बारीक अक्षरात एक तळटीप तेवढी दिसते.

यावरचे व्हिडिओ तुमच्यापैकी काहींनी पाहिलेही असतील. ‘बघा, बायबलमधून वचनं कापली!’ असा एकूण सूर. लेंटच्या दिवसांत हा प्रश्न जरा जास्तच टोचतो, कारण गायब झालेलं वचन नेमकं उपासाबद्दलचं आहे.

लेंट म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे ४० दिवस. कॅलेंडरवर मोजलेत तर ४६ भरतील, कारण रविवार त्यात धरत नाहीत. कॅथलिक घरांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. शेजारी श्रावण पाळतात, तसा इथे लेंट. शुक्रवारी मटण नाही म्हणून सुरमई तळायची, हेही चालतं. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण कुठल्याही धर्माला लागू पडते!

इव्हँजेलिकल ख्रिस्ती मात्र बराच काळ या सगळ्यापासून लांब राहिले. हे प्रोटेस्टंटांमधले. शेवटचा शब्द बायबलचा, आणि विश्वास ज्याचा त्याने स्वतः स्वीकारायचा, यावर त्यांचा भर. लेंटबद्दल नाक मुरडायची सवय तर फार जुनी, आणि ती सुरू झाली चक्क सॉसेजवरून. १५२२ च्या मार्चमध्ये झुरिचमधल्या क्रिस्टोफ फ्रोशाउअर या मुद्रकाच्या घरी ऐन लेंटमध्ये दोन सॉसेज कापून वाटली गेली. कामगार दिवसरात्र छपाईत जुंपलेत, त्यांच्या पोटात काहीतरी जायला नको का, असा त्याचा बचाव. हुल्ड्रिख झ्विंग्ली हा धर्मोपदेशक तिथे हजर होता. त्याने स्वतः खाल्लं नाही, पण पुढे प्रवचन देऊन खाणाऱ्यांची बाजू घेतली. कधी काय खायचं याची सक्ती बायबल करत नाही, मग चर्चने का करावी, हा त्याचा मुद्दा.

गंमत म्हणजे गेल्या काही दशकांत याच परंपरेतली अनेक तरुण मुलं लेंटकडे परत वळलीत. कुणी ४० दिवस इन्स्टाग्राम बंद ठेवतं, कुणी रील्स, कुणी चहा. सक्ती कुणाचीच नाही. आपल्याकडच्या इव्हँजेलिकल आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांमध्ये तर ‘उपास-प्रार्थना’ हा जोडशब्दच आहे. घरात आजारपण असो की परीक्षेचं टेन्शन, उपास-प्रार्थना ठेवली जाते. आणि त्यासाठी आधार म्हणून अनेकदा सांगितलं जातं ते हेच वचन.

प्रसंग असा. एका आजारी मुलातला दुष्ट आत्मा शिष्यांना काढता येत नाही, येशू तो काढतो. आम्हाला का जमलं नाही, असं शिष्य विचारतात. जुन्या भाषांतरांतलं उत्तर असं की, या जातीसाठी प्रार्थना आणि उपास दोन्ही लागतात. मार्कच्या ९ व्या अध्यायातही हीच गोष्ट आहे. तिथे नव्या भाषांतरांत प्रार्थना उरली, उपास तळटीपेत गेला.

हे कुणी केलं? कटबिट काही नाही. १६११ चं किंग जेम्स बायबल उशिराच्या काळातल्या ग्रीक हस्तलिखितांवर आधारलेल्या छापील प्रतींवरून झालं. वचनांचे आकडे तर त्याही आधी, १५५१ मध्ये रोबेर एस्तिएन या मुद्रकाने घातले होते. नंतर त्याहून कितीतरी जुनी हस्तलिखितं अभ्यासकांच्या हाती आली. चौथ्या शतकातले सिनाय कोडेक्स आणि व्हॅटिकन कोडेक्स ही त्यातली मोठी नावं. या दोन्हींच्या मूळ मजकुरात मार्कमध्ये उपास नाही आणि मत्तयमध्ये ते वचनच नाही. मजकूर गेला, आकडा कसा बदलणार? म्हणून ते भोक दिसतं.

आणखी दोन ठिकाणी असंच झालंय. प्रेषितांची कृत्ये १०:३० आणि करिंथकरांस पहिले पत्र ७:५, दोन्हीकडे उशिराच्या प्रतींत उपास आहे, जुन्यांत नाही. नकला करणाऱ्यांत मठवासी खूप होते, उपास त्यांच्या रोजच्या जगण्यातला. ‘प्रार्थना’ लिहिताना हाताने ‘उपास’ही लिहून टाकला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सगळेच मानत नाहीत. तिसऱ्या शतकातल्या एका फाटक्या पपायरसवर मार्कच्या त्या जागी ‘उपास’ असावा असं दिसतं. त्यामुळे वाद पूर्ण मिटलेला नाही.

विश्वासू मुलामुलींना हे वर्गात पहिल्यांदा कळतं तेव्हा काय होतं? बार्ट एरमन हा कट्टर इव्हँजेलिकल तरुण प्रिन्स्टनमध्ये ब्रूस मेट्झगरच्या हाताखाली हे शास्त्र शिकला. बायबलमध्ये चूक असूच शकत नाही हा त्याचा विश्वास या अभ्यासात डळमळला. पुढे तो अज्ञेयवादी झाला. त्याचं कारण मात्र तो जगातलं दुःख असं सांगतो, हस्तलिखितं नव्हे. मेट्झगर तीच हस्तलिखितं आयुष्यभर चाळत २००७ मध्ये मरेपर्यंत चर्चमध्येच राहिला. २००५ मध्ये दोघांच्या नावाने एक पुस्तकही निघालं! गॉर्डन फी तर पेंटेकॉस्टल, आणि तरी याच शास्त्रातला जाणकार, एनआयव्हीच्या समितीवरही होता. म्हणजे पुरावा तोच, वाटा वेगळ्या.

मला विचाराल तर यात उपासाला धक्का लागतच नाही. येशूने स्वतः रानात ४० दिवस उपास केला, आणि उपास करताना तोंड पाडून फिरू नका असंही सांगितलं. हा मजकूर कुठल्या तळटीपेत गेलेला नाही. धक्का लागतो तो हिशेबाला: इतके दिवस उपास, की अमुक काम फत्ते. पेपर सोपा जावा म्हणून तीन दिवस उपाशी राहणारी मुलं अनेक हॉस्टेलांत असतात, आणि ऐन पेपरात चक्कर आली की विश्वास कमी पडला म्हणून स्वतःलाच दोष देतात. त्यांना ही तळटीप कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायला हवी.

पण पाळक लोक हे व्यासपीठावरून फारसं बोलत नाहीत. तरुणांचा विश्वास ढळेल ही भीती. पंडिता रमाबाईंना ती नव्हती. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, त्याच्या थोडंच आधी काम पुरं झालं होतं. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली.

सिनाय कोडेक्स आता ऑनलाइन आहे, पानन्‌पान फुकट. मार्क ९:२९ काढा. ग्रीक येत नसलं तरी चालेल, सोबत छापील अक्षरांत पाठ दिलेला आहे. ‘उपास’ तिथेही सापडेल, पण मूळ लिहिणाऱ्याचा नाही. नंतर दुरुस्ती करणाऱ्या कुणाच्या तरी हातचा.