पिल्लू घ्यायचंय? मग आधी त्याची आई पाहा

सिंगापूरला येऊन दोन-तीन वर्षं झाली, घर लागलं, मुलं शाळेत रुळली की बऱ्याच मराठी घरांत एक विषय हमखास निघतो. 'आई, आपण कुत्रा आणूया ना!' आपल्या पिढीला यात विशेष काही वाटत नाही. गावाकडे, नाहीतर अगदी पुण्या-नाशिकच्या जुन्या वाड्यांतही, कुत्रा कुणी विकत घेत नसे. शेजारच्या कुत्रीला पिल्लं झाली की त्यातलं एक आपल्याकडे यायचं, त्याचं नाव मोत्या ठेवलं की झालं! इथे मात्र पिल्लू म्हणजे परवाना, मायक्रोचिप, घराचे नियम आणि काही हजार डॉलर. जिथे पैसाही मोठा आणि जीवही गुंतलेला, तिथे भामटे असणारच.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचा किस्सा सांगते. समाजमाध्यमावर त्यांना टॉय पूडलच्या पिल्लाची जाहिरात दिसली. किंमत दुकानापेक्षा निम्मी, कारण काय तर 'मालकाची परदेशी बदली झाली आहे, चांगल्या घरी द्यायचं आहे.' व्हॉट्सअ‍ॅपवर गोड फोटो आले, व्हिडिओही आला. आधी इसार मागितला. मग वाहतुकीचा खर्च. मग विमा, 'पिल्लू पोहोचलं की परत मिळेल' असं सांगून. मग 'कागदपत्रांत अडकलंय, अजून थोडे भरा.' तोवर घरातल्या आठ वर्षांच्या मुलीने पिल्लाचं नाव ठरवलं होतं, त्याची वाटी आणि गादीही आणून ठेवली होती. एके दिवशी तो नंबर बंद झाला. पैसे गेले ते गेलेच, पण 'मग ते पिल्लू आता कुठे आहे?' या मुलीच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, हे आईवडिलांना कळेना. ते पिल्लू मुळात नव्हतंच!

ही युक्ती फक्त इथलीच नाही. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये अशाच एका टोळीतल्या संशयितावर पिट्सबर्गच्या न्यायालयात खटला दाखल झाला. तिथे तर 'पिल्लाचा कोरोनाशी संपर्क आला, आता जादा पैसे भरा' असं सांगून लोकांकडून रक्कम उकळली जात होती. एप्रिल २०२२ मध्ये गूगलने स्वतः एका पिल्लू-भामट्याविरुद्ध दावा लावला. पद्धत सगळीकडे एकच असते. सुरुवातीची रक्कम लहान असते आणि पुढची प्रत्येक रक्कम 'परत मिळणारी' असते. आधी भरलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस आणखी भरत जातो.

दुसरा प्रकार याहून वाईट म्हणावा लागेल, कारण त्यात पिल्लू खरोखर घरी येतं, पण चोरट्या मार्गाने आणलेलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये तुआस चेकपॉइंटवर मलेशियातून आलेल्या एका लॉरीत २६ पिल्लं आणि एक मांजर दडवलेली सापडली. त्यातली बरीचशी पिल्लं पुढे पार्वो या विषाणूने दगावली. ते आणणाऱ्याला तुरुंगवास झाला. अशी पिल्लं आईपासून फार लवकर तोडलेली असतात, लसी झालेल्या नसतात, आणि नव्या घरी आल्यावर चार दिवसांत उलट्या-जुलाब सुरू होतात. शिवाय सिंगापूर १९५३ पासून रेबीजमुक्त आहे. चोरून आणलेलं एक जनावर या सगळ्यावर पाणी फिरवू शकतं. म्हणूनच इथला कायदा याबाबत कडक आहे.

मग काय करायचं? मंडळी, सुरुवात पिल्लापासून नाही, आपल्या घरापासून करायची.

एचडीबीच्या फ्लॅटमध्ये एकच कुत्रा पाळता येतो, आणि तोही ठरलेल्या लहान जातींपैकी. शिह त्झू, माल्टीज, पोमेरेनियन, टॉय पूडल, पग, मिनिएचर श्नॉझर चालतात. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, बीगल, कॉर्गी चालत नाहीत. नियम मोडला तर ४,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. एचडीबीचं घर दाखवूनही कुणी 'कॉर्गी घ्या, काही होत नाही' म्हणाला, तर तो विक्रेता कसा आहे ते तिथेच कळलं. कॉन्डोत राहात असाल तर तिथले नियम विचारा. आणि आपल्यापैकी बरेच जण भाड्याने राहतात, तेव्हा घरमालकाची परवानगी लेखी घ्या. फोनवरचं 'ओके ओके' पुढे कामाला येत नाही.

आता विक्रेता. सिंगापुरात पाळीव प्राण्यांचा कारभार अ‍ॅनिमल अँड व्हेटर्नरी सर्व्हिस, म्हणजे एव्हीएस, पाहते. २०१९ पासून ती एनपार्क्सच्या छत्राखाली आहे. कुत्र्यांची दुकानं आणि पैदास केंद्रं यांना एव्हीएसचा परवाना लागतो, आणि परवानाधारकांची यादी त्यांच्या वेबसाइटवर कुणालाही पाहता येते. जाहिरातीतलं नाव, पत्ता आणि परवाना त्या यादीशी ताडून पाहा. नुसता परवान्याचा फोटो पाठवला म्हणून भुलू नका, फोटो कुणाचाही ढापता येतो. एप्रिल २०२२ पासून पैदास केंद्रांचे नियम आणखी कडक झाले आहेत. सहा वर्षांपुढच्या कुत्रीकडून पिल्लं घेता येत नाहीत. त्यामुळे 'आईचं वय काय?' हा साधा प्रश्नही बरंच काही सांगून जातो.

आपल्याकडे म्हणतात ना, खाण तशी माती. पिल्लू पाहायला गेलात की आधी त्याची आई दाखवा म्हणा. ती कुठे राहते, जागा स्वच्छ आहे का, ती माणसांना घाबरून कोपऱ्यात जाते की शेपटी हलवत पुढे येते? चांगला ब्रीडर हे आनंदाने दाखवतो. टाळाटाळ करणारा 'ती आत्ता इथे नाही', 'भेटायला नको, संसर्ग होईल, मीच स्टेशनवर आणून देतो' अशी कारणं देतो. एमआरटी स्टेशनच्या बाहेर पिशवीतून पिल्लू घेऊ नका, एवढं एक पथ्य पाळलं तरी निम्मी फसवणूक टळेल.

पिल्लाचं वय विचारा. आठ आठवड्यांच्या आत त्याला आईपासून तोडू नये, हे जगभर मानलं जातं. परदेशातून आणलेलं पिल्लू असेल तर ते सिंगापूरला निघताना किमान १२ आठवड्यांचं असावं लागतं. म्हणून 'ऑस्ट्रेलियाहून आलेलं, सहा आठवड्यांचं' असं कुणी म्हणालं, की समजून जा. त्याच्यासमोरच मायक्रोचिप रीडरने वाचून घ्या आणि तो आकडा लसीकरणाच्या कार्डावरच्या आकड्याशी जुळवा. डोळे, नाक, कान स्वच्छ आहेत का, पोट फुगलेलं नाही ना, ते खेळतंय का, हे पाहा. आजारी निघालं तर काय, हे लेखी ठरवा, आणि घरी आणल्यावर दोन-तीन दिवसांत आपल्या पसंतीच्या डॉक्टरांना दाखवा. तीन महिन्यांवरच्या प्रत्येक कुत्र्याला परवाना लागतो. नसबंदी केलेल्या कुत्र्याचे वर्षाला १५ डॉलर, न केलेल्या पाच महिन्यांवरच्या कुत्र्याचे ९०.

आणि हो, चांगला ब्रीडर तुम्हालाही प्रश्न विचारतो. घरी दिवसभर कोण असतं? सुट्टीत भारतात गेलात तर कुत्रा कुठे ठेवणार? कुणी असे प्रश्न विचारले तर राग मानू नका. आपली मुलगी द्यायची तर आपण चौकशी करतोच की! ज्याला फक्त पैसे कधी मिळणार एवढंच विचारायचं आहे, त्याच्यापासून सावध राहा.

पैशांचं पथ्य सोपं आहे. पिल्लू प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका. पेनाऊ करताना समोर येणारं नाव दुकानाचंच आहे का ते वाचा. जाहिरातीतला फोटो इंटरनेटवर शोधून पाहा, तो पाच देशांतल्या पाच जाहिरातींत सापडला तर विषय संपला. 'बुकिंगसाठी हे अ‍ॅप टाका' अशी लिंक आली तर ती उघडूच नका. २०२३ मध्ये इथल्या पोलिसांनी कुत्र्यांच्या ग्रूमिंगच्या जाहिरातींतून असेच घातक अ‍ॅप पसरत असल्याचा इशारा दिला होता. शंका आली की १७९९ या स्कॅमशील्ड हेल्पलाइनला विचारा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका. आधी बँकेला फोन, मग पोलिसांत तक्रार, आणि चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. २०२४ या एका वर्षात सिंगापुरात सगळ्या प्रकारच्या फसवणुकींत मिळून १.१ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम गेली. तेव्हा फसलेला माणूस एकटा नसतो.

'मग भारतातूनच आणू की!' असंही काही जण म्हणतात. भारतात २०१७ पासून कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम आहेत. ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. महाराष्ट्रात आईबाबांसाठी पिल्लू घेणार असाल तर नोंदणीचा कागद जरूर मागा. पण तिथून सिंगापूरला आणायचं तर रेबीजची लस, रक्ततपासणी, आयात परवाना आणि विलगीकरण केंद्रातला मुक्काम, एवढं सगळं करावं लागतं. लहानग्या पिल्लासाठी ही वाट नव्हे.

एक शेवटचा पर्याय, जो खरं तर पहिला असायला हवा. सुंगेई तेंगाह इथे एसपीसीए आहे, शिवाय इतर संस्थांकडेही घराची वाट पाहणारे कितीतरी कुत्रे आहेत. प्रोजेक्ट अडोअर या योजनेत इथले मध्यम आकाराचे मिश्र जातीचे कुत्रे एचडीबीतही दत्तक घेता येतात. त्यांना इथे 'सिंगापूर स्पेशल' म्हणतात. दिसायला थेट आपल्या मोत्यासारखे!

कुत्रा बारा-पंधरा वर्षं जगतो. तेवढ्या काळात आपला पास, नोकरी, कदाचित देशही बदलेल. परत जायची वेळ आली तर त्याला नेण्याचा खर्च आणि कागदपत्रं झेपतील का, हे आजच घरात बसून बोला. मुलांनाही त्या बोलण्यात घ्या. एवढा विचार करून दोन-तीन महिने थांबायची ज्यांची तयारी असते, त्यांच्या वाटेला भामटे सहसा जात नाहीत. त्यांना हवी असते ती आपली घाई.