यंत्रातून विचारलेला प्रश्न
तोंडाने बोलणारा मिनिटाला सव्वाशे-दीडशे शब्द सहज बोलतो. चित्रफलकावरून किंवा आवाज देणाऱ्या टॅबलेटवरून बोलणाऱ्याचे बहुधा पंधराही होत नाहीत. अभ्यासक याला वेगाची अडचण म्हणतात आणि बटणे कमी करू पाहतात. पण कोणती बटणे ठेवायची, हे वापरणाऱ्यालाच अधिक कळते. सुरतच्या लिंबायत-उधना भागात एखाद्या खानदेशी घरात अहिराणी, महापालिकेच्या शाळेत मराठी आणि रस्त्यावर गुजराती चालते. चित्रांवर बोट ठेवून बोलण्यासाठी आयआयटी मुंबईत घडलेल्या ‘जेलो’ ॲपमध्ये मराठी आहे खरी, पण भांडायचे कोणत्या भाषेत? (भांडता न येणे हीही मुकेपणाचीच एक तऱ्हा.)

म्हणून या साधनांवरचे संशोधन ती वापरणाऱ्यांनीच करायला हवे. स्वतः साधन वापरणारा संशोधक तटस्थ कसा राहील, हा आक्षेप रास्त वाटतो. मात्र बोलता येणारा मुलाखतकार तरी कुठे तटस्थ असतो? चार सेकंद शांतता झाली की तो समोरच्याचे वाक्य स्वतःच पुरे करतो, आणि नोंदवहीत त्याचेच उत्तर उतरते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एक वापरणारा सगळ्यांच्या वतीने कसा बोलेल? सेरेब्रल पाल्सी असूनही एका बोटाने टंकत लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या मिळवणाऱ्या मुंबईच्या मालिनी चिब अक्षरओळख नसलेल्या स्वमग्न मुलाच्या वतीने बोलू शकत नाहीत. म्हणूनच असा एखादाच संशोधक पुरत नाही. चित्रांवर बोट ठेवून बोलणारेही प्रश्नावली आखताना हजर हवेत.