आरोग्य व सामाजिक सेवा व्यावसायिकांची वैधानिक नोंदणी : बुलडाणा जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

उपचार करणाऱ्याच्या ज्ञानाची परीक्षा घेण्याची क्षमता रुग्णाजवळ नसते. ती परीक्षा समाजाच्या वतीने कोणीतरी आधीच घेतलेली असावी, या गरजेतून वैधानिक नोंदणीची संकल्पना उदयास आली. २०११ च्या जनगणनेनुसार बुलडाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ असून तिचा फार मोठा भाग ग्रामीण आहे. संग्रामपूर वा लोणार तालुक्यातील रुग्णाच्या दृष्टीने दवाखान्यावरील 'डॉक्टर' ही पाटी म्हणजेच पात्रतेचा पुरावा. त्या पाटीमागे कायद्याची कोणती हमी असते आणि कोणती नसते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

या प्रश्नाचा इतिहास बुलडाणा जिल्ह्याच्या भूगोलात दिसतो. १९५६ पूर्वी हा जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाड आणि पुढे मध्य प्रदेश राज्यात होता. पश्चिमेस मलकापूरपलीकडे मुंबई राज्याचा खानदेश, तर दक्षिणेस देऊळगाव राजापलीकडे हैदराबाद संस्थानाचा मराठवाडा होता. आधुनिक वैद्यकाच्या नोंदणीसाठी मुंबईत १९१२ चा, तर मध्यप्रांतात १९१६ चा कायदा होता. वैद्य व हकीम यांच्यासाठी मुंबईने १९३८ मध्ये, तर मध्यप्रांत-वऱ्हाडाने १९४७ च्या अधिनियमाने तरतूद केली. परिणामी एका सीमेच्या आत मान्य असलेला वैद्य काही कोसांवर दुसऱ्याच कायद्याच्या कक्षेत जात असे.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर हे वेगवेगळे कायदे एकत्र करण्यात आले. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ भारतीय चिकित्सापद्धतींसाठी आणि महाराष्ट्र वैद्यक परिषद अधिनियम, १९६५ आधुनिक वैद्यकासाठी लागू झाला. १९६१ च्या अधिनियमात अर्हताधारकांच्या नोंदवहीबरोबरच अनुभवाधारित व्यावसायिकांची स्वतंत्र 'यादी'ही होती. पदवी नसलेल्या, परंतु दीर्घकाळ व्यवसाय करणाऱ्या वैद्यांना एकाएकी गुन्हेगार ठरवू नये, हा तिचा हेतू होता.

नोंदणीचे कार्य

नोंदणीची तीन कार्ये आहेत : प्रवेशापूर्वी अर्हता तपासणे, व्यवसायकाळात आचरणावर देखरेख ठेवणे आणि गैरवर्तन सिद्ध झाल्यास ताकीद देणे किंवा नाव कमी करणे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते व त्यासाठी निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे गुणांक आवश्यक असतात. मात्र परिषद नुकसानभरपाई देऊ शकत नाही. ती ग्राहक आयोगाकडे किंवा दिवाणी न्यायालयाकडे मागावी लागते, तर गुन्ह्याची शिक्षा फौजदारी न्यायालय देते. हा भेद ठाऊक नसल्याने अनेक तक्रारी चुकीच्या दारी जातात.

परिचारिकांची नोंदणी १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमान्वये होते, तर औषधनिर्मात्यांना १९४८ चा औषधशास्त्र कायदा लागू आहे. म्हणजे उपकेंद्रातील परिचारिका आणि तालुक्याच्या औषध दुकानातील औषधनिर्माता हेही नोंदवहीला उत्तरदायी आहेत.

चिकित्सापद्धतीचा प्रश्न

नोंदणीकृत असणे आणि कोणत्याही पद्धतीने उपचार करण्यास पात्र असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. एका होमिओपॅथिक व्यावसायिकाने आधुनिक औषधे दिल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, ज्या पद्धतीचे ज्ञान नाही तिचा अवलंब करणे हाच निष्काळजीपणा होय, असे ठरविले. १९९८ च्या दुसऱ्या निर्णयात राज्याच्या कायद्याने दिलेल्या मुभेला महत्त्व प्राप्त झाले. महाराष्ट्राने १९९२ च्या अधिसूचनेने ठरावीक अर्हता असलेल्या आयुर्वेद व युनानी व्यावसायिकांना अशी मुभा दिली होती. २०१४ मध्ये एक वर्षाचा औषधशास्त्रविषयक अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथिक व्यावसायिकांसाठीही कायदा झाला व त्यास उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. ग्रामीण भागात आधुनिक वैद्यकाचे पदवीधर पुरेसे नसताना ही मुभा उपयुक्त ठरते. तथापि रुग्णाला तिची मर्यादा समजावी अशी व्यवस्था अपुरी आहे.

नोंदवहीबाहेरील सेवा

सामाजिक सेवेच्या क्षेत्रात उणीव अधिक स्पष्ट दिसते. १९९२ च्या कायद्याने पुनर्वसन व्यावसायिकांची आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोविकार सामाजिक कार्यकर्त्यांची नोंदणी अपेक्षिली आहे. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने वैद्यकीय सामाजिक कार्यकर्त्यांनाही आपल्या कक्षेत घेतले. परंतु रुग्णालयाबाहेर कुटुंब, वृद्ध वा बालकांसाठी काम करणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्यांसाठी वैधानिक नोंदवही नाही. गावातील गर्भवतीला प्रथम भेटणारी आशा स्वयंसेविकाही कोणत्याच व्यावसायिक परिषदेची सदस्य नसते. त्यामुळे तिच्यावर व्यावसायिक शिस्तीचे बंधन नाही, तसेच व्यावसायिक म्हणून मिळणारे संरक्षणही नाही.

निष्कर्ष

२०२४ मध्ये बुलडाणा येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने भविष्यात जिल्ह्याला नोंदणीकृत व्यावसायिक अधिक मिळतील, अशी अपेक्षा आहे. परंतु नोंदवही मुंबईत आणि रुग्ण सातपुड्याच्या पायथ्याशी, हे अंतर केवळ संख्येने मिटणारे नाही. २००२ च्या आचारनियमांनुसार आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरने नोंदणी क्रमांक दवाखान्यात व औषधचिठ्ठीवर दर्शविणे बंधनकारक आहे. तो क्रमांक कसा वाचावा आणि त्याची खातरजमा कोठे करावी, हे महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून सहज सांगता येईल. कायद्याने रुग्णाच्या वतीने घेतलेल्या परीक्षेचा निकाल रुग्णापर्यंत पोहोचला, तरच नोंदणीचा मूळ हेतू सफल होईल.