शाळेतले पारवे कसे आवरावेत?

शाळेच्या व्हरांड्यात आलात म्हणजे जरा वर पाहा. पत्र्याखालच्या लोखंडी कैच्यांवर पारवे ओळीने बसलेले दिसतील. शाळा सुटल्यावर मी आणि माझ्या बाकावरच्या दोघांनी मोजले, तर बावीस भरले. त्यांच्या बरोबर खाली पहिलीची मुले बसतात, आणि पलीकडच्या खोलीत पोषण आहाराचा तांदूळ ठेवलेला असतो. मागच्या पालकसभेत कोणी म्हणाले, "विषाचे दाणे टाका, एका दिवसात काम होईल." कोणी म्हणाले, "मुका जीव आहे, राहू द्या." मला दोन्ही पटत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

पारवा हा मूळचा कड्याकपारीतला पक्षी. जुन्या विहिरीत डोकावले तर कपारीत त्याचे घरटे दिसते. आपण उंच भिंत बांधली, तिला खाच ठेवली, की त्याला तो कडाच वाटतो. वर पाऊस नाही, मांजर पोचत नाही, आणि खाली दाणे सांडलेले. मग तो जाईल कशाला? एक पारवा दिवसाला साधारण ३० ग्रॅम दाणे खातो. बावीस पारव्यांचे किती झाले, ते चौथीच्या मुलांनीही करून पाहावे. एवढे दाणे त्यांना गावातच कुठेतरी मिळतात, हे उघड आहे.

खरा त्रास त्यांच्या शिटेचा आहे. ओली असते तोवर नुसती घाण वाटते. वाळली की तिची भुकटी होते आणि खराटा मारला की हवेत उडते. ती धूळ पुष्कळ दिवस श्वासाबरोबर आत गेली, तर काही माणसांच्या फुफ्फुसांना सूज येते, कोरडा खोकला लागतो, चालताना धाप लागते. शिटेत वाढणाऱ्या काही बुरशांनीही आजार होतात. म्हणून शीट कोरडी झाडू नये. आधी पाणी शिंपडावे, नाकातोंडाला फडके बांधावे, ओली झाल्यावर खरवडून खड्ड्यात पुरावी आणि हात साबणाने धुवावेत. हे काम मोठ्या माणसांनी करायचे, आपण मुलांनी नाही. ज्यांना दमा आहे, त्यांनी तर तिकडे फिरकूच नये. मुंबईत याच कारणाने २०२५ साली कबुतरखान्यांवर दाणे टाकायला बंदी झाली. दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, आणि ते प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले.

आता विषाचे. दाणे पारव्यासाठी टाकले तरी ते चिमणीही खाते आणि कोंबडीही खाते. मेलेला पारवा कुत्र्याने किंवा घुबडाने खाल्ला तर तेही मरते. आणि घुबड उंदीर खाते, बरं का! चीनमध्ये १९५८ साली चिमण्या धान्य खातात म्हणून देशभर मारल्या. पण चिमणी पिलांना किडे भरवते. चिमण्या गेल्या आणि पिकांवर कीड वाढली. शेवटी १९६० साली मारायच्या यादीतून चिमणीचे नाव काढून तिथे ढेकणाचे नाव घातले. शिवाय नुसते पारवे मारले आणि जागा तशीच उघडी राहिली, तर दुसरे येऊन बसतात.

बुजगावणे किंवा चकचकीत तबकड्या टांगल्या तर चार दिवस पारवे बिचकतात, मग त्यांच्याच शेजारी बसतात. चिकट मलम लावूच नये, त्यात लहान पाखरांचे पंख अडकतात. जागा बंद करणे हाच पक्का उपाय. कैच्यांच्या खालून जाळी ताणून बसवायची. तिची भोके दोन इंचांची असावीत. त्यातून पारवा शिरत नाही, पण चिमणी सहज ये-जा करते. आपल्याला चिमण्या पाहिजेतच! खिडकीवरच्या कट्ट्यांना जाळी नको, तिथे तिरकी फळी ठोकली की पुरे. उतार ४५ अंशांहून जास्त हवा, म्हणजे पारव्याचे पाय ठरत नाहीत. सातवीच्या मुलांनी कोनमापक आणावा. कावळे आणि साळुंक्या उष्ट्यासाठी येतात, त्यांना बादलीवर झाकण एवढेच औषध.

पण जाळी लावण्याआधी शिडी लावून वर पाहिलेच पाहिजे. पारवी दोन अंडी घालते. दिवसा बराच वेळ नर आणि रात्रभर मादी अंड्यांवर बसते. सुमारे १८ दिवसांनी पिले निघतात. त्यांना पहिले काही दिवस आईबाप दोघेही गळ्यातल्या पिशवीत तयार होणारे दुधासारखे खाणे भरवतात. पिले उडायला आणखी महिनाभर लागतो. मध्येच जाळी ठोकली तर पिले आत उपाशी मरतील, आणि वास आपल्यालाच येईल. पारव्यांची वीण बारा महिने चालते, त्यामुळे मे महिन्यात घरटी रिकामीच असतील असे धरून चालू नये. रिकामे घरटे दिसले की काढायचे, भरलेले राहू द्यायचे आणि तेवढा कोपरा शेवटी बंद करायचा.

दाण्यांचे मात्र घरोघर पाहावे लागेल. माझी आजी रोज सकाळी अंगणात मूठभर ज्वारी टाकायची. मी म्हणालो, "आजी, तुझी ज्वारी खाऊन ते आमच्या पहिलीच्या वर्गावर बसतात गं." ती म्हणाली, "मग पुण्य कुठं करू, बाळा?" आता ती परसात चिमण्यांसाठी मातीच्या परळात पाणी ठेवते. पारवेही पाणी पितात, पण पाण्यासाठी कोणी वस्तीला राहत नाही.

गुरुजींनी जाळीचे माप घेतले आहे. व्हरांडा चाळीस फूट लांब आणि आठ फूट रुंद आहे. घरटी तपासायला उंच शिडी लागेल, ती शाळेत नाही. ज्यांच्या घरी असेल त्यांनी शनिवारपर्यंत गुरुजींना सांगावे.